एकदा ‘नको’ म्हणा

आमच्या बँडमध्ये सगळ्यात लहान मी, आणि मला आजोबा होऊनही बरीच वर्षं झाली. ढोल वाजवतो तो इस्त्रीवाला. त्याचे दोन्ही गुडघे नवे बसवलेले आहेत, आणि अंगातला तेवढाच भाग अजून विशीत आहे असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो. व्हायोलिनवर दातवाला, म्हणजे दातांच्या डॉक्टरांना कवळ्या करून देणारा कारागीर. पेटीवर मी. आणि माइकसमोर उभ्या राहून किंचाळतात त्या आमच्या वहिनी, माझ्या थोरल्या भावाची बायको. उभ्या जन्मात त्यांनी दूधवाल्यालासुद्धा मोठ्याने हाक मारली नव्हती.

आम्ही एक अल्बम काढला. पहिलाच. ज्या वयात माणसं गोळ्यांच्या वेळा पाठ करतात त्या वयात आमची पहिली तबकडी निघाली, आणि तीही पंकची. पंक म्हणजे काय ते मलाही कुठे ठाऊक होतं! आमच्या ध्वनिमुद्रकाने ते समजावून सांगितलं: सूर तीनच, आवाज भरपूर, आणि समोरच्याला मुद्दाम चिडवायचं.

“मग त्यातलं शेवटचं तेवढं आमचं,” वहिनी म्हणाल्या होत्या.

कुणाला चिडवायचं होतं, ते सांगतो.

माझे हे थोरले भाऊ, आमचे दादा आणि इतरांचे बुवा, गाऊन प्रवचन सांगायचे. आधी एक पद, मग त्याचा अर्थ, मग गोष्ट. आणि गोष्ट अशा जागी आणून उभी करायची की सभागृह खोकायचंसुद्धा विसरून जायचं. तिथे पुन्हा तेच पद. शब्द तेच, चाल तीच, पण घटकाभरापूर्वी ऐकलेलं ते हेच का, असं वाटायचं. दादा पुढे उभे असत आणि आम्ही चौघे मागे बसत असू. वहिनींच्या हातात झांजा. दादांनी उजव्या हाताची दोन बोटं खांद्याच्या वर नेली की आम्ही वाजवणं विरळ करत करत थांबायचो, कारण आता ते बोलणार. तेवढ्या शांततेत ते नाकाने एक लांब श्वास घ्यायचे, जीभ टाळूला लागून बारीकसं ‘टक्’ व्हायचं, आणि गोष्ट सुरू. बोलून झालं की तीच दोन बोटं उलटून तळहात वहिनींच्या दिशेने उघडायचा. म्हणजे, ‘घ्या’. वहिनी पद उचलायच्या, त्यांच्या मागून आम्ही. देवाचं मी पुष्कळ ऐकलं, पुष्कळ गायलो. पण तो श्वास आणि पहिला शब्द यांच्या मधल्या जागेत देव मला जितका जवळ वाटला, तितका दुसरीकडे कुठे वाटला नाही.

दादांनी एक गोष्ट मात्र कधी करू दिली नाही, ती म्हणजे रेकॉर्डिंग. रेडिओवाले आले, कॅसेटवाले आले, पुढे आणखी कोण कोण आले. दादा हात जोडायचे. “नको. ऐकलेलं घरी न्या. वाटेत सांडेल तेवढं सांडू दे. डबाबंद केलेलं मला नको.” एकदा पहिल्याच रांगेतल्या एका गृहस्थाने मांडीवरच्या रुमालाखाली यंत्र लपवलं होतं. दादा गोष्ट मध्येच थांबवून हसले आणि म्हणाले, “का हो, तुमच्या रुमालाला नीट ऐकू येतंय ना?” सभागृह लोटपोट. त्यामुळे एवढ्या वर्षांच्या साथीतला आमचा एकही सूर कुठे साठवलेला नव्हता, आणि दादांचा एक शब्दही नव्हता.

मग मागल्याच्या मागल्या हिवाळ्यात त्यांनी एक नवी गोष्ट सांगायला घेतली. आम्हालाही ती ठाऊक नव्हती. एक म्हातारी असते. देव कधी येईल त्याचा नेम नाही म्हणून ती घराचं दार कधीच लावत नाही. वारा आत येतो, धूळ येते, कुत्री-मांजरं येऊन चुलीपाशी झोपतात. शेजारीपाजारी हसतात, ही लावत नाही. आणि एक दिवस, दार सताड उघडं असताना, दारावर थाप पडते. म्हातारी आतूनच म्हणते, “दार उघडंच आहे की! वाजवतोस कशाला?”

दादांनी दोन बोटं वर नेली. आम्ही थांबलो. त्यांनी श्वास घेतला. टक् झालं.

आणि पुढे काहीच नाही.

आम्हाला वाटलं, रंगवतायत. खूप वेळ तसंच वाटलं. इस्त्रीवाला तर खूश होऊन मान डोलवत होता. मग वर नेलेला हात आपला आपण खाली आला, आणि वहिनी झांजा टाकून धावल्या.

जीव वाचला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समजायचं सगळं. कोण आलं, कोण गेलं, चहा गार आहे की गरम, सगळं डोळ्यांत दिसायचं. वाचा शिकवणाऱ्या बाई येऊन चित्रं दाखवायच्या, कप, चमचा, चप्पल. दादा चित्राकडे बघायचे, बाईंकडे बघायचे, आणि ज्या माणसाने सभागृहच्या सभागृह रडवलं त्याच्या तोंडून ‘कप’ निघायचा नाही. एक दिवस त्या बाईच म्हणाल्या, “नेहमीच्या जागी गेलं की कधीकधी शब्द सापडतात. यांची बोलायची नेहमीची जागा कोणती?”

वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या.

दादांचं बिऱ्हाड इस्त्रीवाल्याच्या लाँड्रीवर, पहिल्या मजल्यावर. दुपारी लाँड्री घटकाभर बंद असते. रोज त्या वेळात आम्ही वर जमायला लागलो. दादांची खुर्ची खिडकीशी, आम्ही मागे पलंगाच्या कडेला, जसे सभागृहात बसायचो तसेच. एकेक पद घ्यायचो. ठरलेल्या जागी विरळ व्हायचो, थांबायचो. खालच्या पाइपातली उरलीसुरली वाफ फुसफुसायची. दादा भिंतीकडे तोंड करायचे. कधी डोळे मिटून घ्यायचे. मग वहिनीच पद उचलून संपवायच्या. तो सगळा उन्हाळा असाच गेला.

एका दुपारी इस्त्रीवाल्याचं डोकं फिरलं. पद संथ चाललं होतं, आणि हा एकाएकी ढोल सोडून शेजारच्या पत्र्याच्या ट्रंकेवर दोन्ही हातांनी बडवायला लागला. “बास! बास बुवा! जन्मभर तुमच्या बोटांकडे बघत वाजवलं! आता बघायला बोटंही नाहीत, तर कुणाकडे बघून वाजवू?” दातवाल्याने त्याला आवरायचं, तर त्याच्याच व्हायोलिनवर गज कर्रकन घासला गेला, आणि बहुतेक बरं वाटलं म्हणून त्याने तो पुन्हा घासला. मीही भाता दाबला आणि हाताखाली येतील त्या पट्ट्या धरून ठेवल्या. त्या गोंगाटात वहिनी औषधाचा पेला हातात घेऊन उभ्या होत्या. त्या एकदम ओरडल्या, “अहो, बोला ना!”

तो आवाज आम्ही कुणी ऐकलेला नव्हता. त्यांनीही नसावा. गळा फाटला, आणि त्या जोरासरशी वरची कवळी सुटून थेट दादांच्या मांडीवर जाऊन पडली.

दादांनी मांडीवरच्या दातांकडे पाहिलं. मग वहिनींकडे. आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली.

“भाऊजी!” वहिनी तोंडावर हात धरून म्हणाल्या. “आठी! आठी बघितलीत?”

ती आठी आम्हा सगळ्यांच्या ओळखीची. मागच्या रांगेत कुणी कुजबुजायला लागलं की ती पडायची, आणि तिच्या मागोमाग न चुकता शब्द यायचे. ‘बाहेर जाऊन बोला’ किंवा ‘नको, असं नको’. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा दादा त्या वाटेवर दोन पावलं चालले होते.

दातवाल्याने कवळी उचलून उजेडात धरली. “माझ्या हातची नाही ही. नवी करून देतो. हिला ओरडायची सवय नाही.”

“द्या,” वहिनी म्हणाल्या. “घट्ट बसेल अशी द्या. यांना आवडेल ते करून झालं. आता नावडेल ते करू.”

“वहिनी, आजारी माणसाला असं—”

“भाऊजी, मला गोष्ट नको, पद नको. एक ‘नको’ म्हटलं तरी पुरे आहे मला. वैतागून म्हणू देत, शिवी म्हणून म्हणू देत. मी त्याच्यावर जन्म काढेन.”

अशी आमची गाणी झाली. त्यांना गाणी म्हणावं की नाही कुणास ठाऊक. वहिनींच्या डोक्यात दिवसभर जे चालायचं तेच त्या ओरडायच्या. ‘गोळी घ्या’ असं एक गाणं होतं. ‘कवळी’ होतं. ‘सगळे विचारतात कसे आहेत’ हे सगळ्यात जोरकस. त्यात शेवटी एवढंच की तुम्हीच विचारा त्यांना. इस्त्रीवाल्याने कुठून तरी जुना ड्रमसेट आणला. दातवाल्याने व्हायोलिनला कसलीशी वायर लावली, आणि त्यातून दारात बोका चेंगरल्यासारखा आवाज यायला लागला तेव्हा त्याचा चेहरा जो उजळला, तो त्याच्या मुलीच्या लग्नातही उजळला नव्हता. वर जागा पुरेना, म्हणून आम्ही लाँड्रीच्या मागच्या खोलीत उतरलो. दादांच्या खिडकीच्या बरोबर खाली. दार मुद्दाम उघडं ठेवायचो. वहिनी मधेच वर पळत जाऊन बघून यायच्या.

“आठी?”

“आहे.”

“आणखी काही?”

मान हलायची. नाही.

मागच्या भिंतीपलीकडे एक ध्वनिमुद्रक काम करायचा. बसथांब्यांच्या घोषणा, दुकानांच्या जाहिराती असलं काहीबाही. एक दिवस तो दारात येऊन उभा राहिला. एका कानात यंत्र, पन्नाशी उलटलेली, केसांची बारीक शेपटी.

“आवाजाचा त्रास होत असेल,” मी ओशाळून म्हणालो.

“मी कुठली मुलं वाजवतायत ते बघायला आलो,” तो म्हणाला. त्याने आमच्याकडे एकेक करून पाहिलं. “विशीत मी असल्याच बँडमध्ये होतो. आम्हाला वाजवता यायचं नाही म्हणून ते तसं वाजायचं. तुम्हाला तर येतंय. हे पंक आहे, काका.”

“औषध आहे का त्यावर काही?” इस्त्रीवाल्याने विचारलं.

एका कानाने बहिरा, आणि तरी भिंतीपलीकडून एवढं ऐकलेलं, म्हणून आम्ही त्याचं नाव कानसेन ठेवलं. तो रोज यायला लागला. आणि एक दिवस म्हणाला, “अल्बम करू या. माझी खोली संध्याकाळी रिकामीच असते.”

“रेकॉर्डिंग नको,” मी पटकन म्हणालो. “ते आमच्यात नाही. दादांनी कधीच—”

आणि थांबलो, कारण वहिनींचा चेहरा बघितला. अंधाऱ्या खोलीत दिव्याचं बटण सापडावं तसा झाला होता.

“भाऊजी, आवाजाला ते कधी नको म्हणायचे, कधी सोडून द्यायचे. पण रेकॉर्डिंगला? न चुकता म्हणायचे. आठवतंय ना?”

त्या तडक वर गेल्या. मी मागोमाग गेलो आणि दाराशीच थांबलो. त्या दादांच्या खुर्चीसमोर स्टूल ओढून बसल्या, गुडघ्याला गुडघा लावून.

“अहो, ऐका. मी रेकॉर्डिंग करतेय. माझं, भाऊजींचं, सगळ्यांचं. डबाबंद. चालेल ना?”

दादा बघत होते.

“तुम्हाला विचारल्याशिवाय कधी काही केलं नाही मी, म्हणून विचारतेय. तुम्ही नको म्हणा. एकदा नको म्हणा, आत्ताच्या आत्ता त्या माणसाला घालवून देते. पुन्हा आवाज म्हणून काढणार नाही. म्हणा.”

दादांचे ओठ हलले. मला दारातून दिसलं. वहिनी इतक्या पुढे झुकल्या की स्टुलाचे मागचे पाय उचलले गेले. मग दादांनी डावा हात हळूहळू वर आणला आणि वहिनींच्या बाहीला चिकटलेला एक पांढरा दोरा काढला. नीट काढला, चिमटीत धरून बघितला, आणि आपल्या मांडीवर ठेवला.

वहिनी उठल्या. माझ्याजवळून जाताना म्हणाल्या, “चालेल म्हणतात.” आणि जिना उतरून गेल्या.

कानसेनची खोली लहान. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना काही तरी हवं होतं. इस्त्रीवाल्याकडे लोकांनी धुवायला टाकलेले आणि न्यायला कधी न आलेले कोट होते, वर्षानुवर्षांचे. कुणी गाव सोडलं असेल, कुणी विसरलं असेल, कुणी आता नसेल. पावती दाखवून उद्या कुणी आलंच तर, म्हणून त्याने एकही टाकलेला नव्हता. ते सगळे कोट त्याने चारी भिंतींना हँगरवर टांगले. खांद्याला खांदा लावून. आत शिरलं की भरल्या सभागृहात आल्यासारखं वाटायचं.

“श्रोते बरे आहेत,” दातवाला म्हणाला. “खोकणार तरी नाहीत.”

आम्ही वाजवलं. जन्मात पहिल्यांदा रेकॉर्डिंगच्या लाल दिव्यासमोर वाजवलं. दादा जिन्यावरून बघतायत असं वाटत होतं. वहिनींची नवी कवळी मात्र जागची हलली नाही. दातवाला दर गाण्यानंतर तिच्याकडे बापाच्या कौतुकाने बघायचा.

सगळी गाणी झाल्यावर कानसेनने आम्हाला बसवून ऐकवलं. स्वतः चांगला कान यंत्राकडे करून वाकला होता. पहिलं गाणं निम्म्यात आलं आणि त्याने ते थांबवलं.

“हे काय? मध्येच सगळे मेलात का?”

“कुठे?”

त्याने पुन्हा लावलं. धडाधड चाललेलं गाणं, दुसरं कडवं संपतं, आणि अचानक आम्ही विरळ व्हायला लागतो. आधी ड्रम, मग व्हायोलिन, मग माझी पेटी. आणि मग काहीच नाही. चांगली श्वासभर शांतता. नंतर वहिनी एकट्या सुरू करतात, त्यांच्यामागून आम्ही.

त्याने दुसरं लावलं. तिथेही तेच. तिसरं. तेच. एकही गाणं त्यातून सुटलं नव्हतं.

“कुणी ठरवलं हे?” कानसेनने विचारलं.

कुणीही ठरवलं नव्हतं. आम्हाला कळलंही नव्हतं. वाजवताना तर मला वाटत होतं, आपण बेफाम सुटलोय.

“इथे बुवा बोलतात,” दातवाला म्हणाला. आणि चष्मा काढून शर्टाला पुसायला लागला.

कानसेनला दादांची गोष्ट आम्ही कधी सांगितली नव्हती. त्या संध्याकाळी इस्त्रीवाल्याने सांगितली, थोडक्यात, कोटांकडे बघत. कानसेनने यंत्र बंद केलं. मग हलकेच म्हणाला, “कापून टाकतो. कापलं की सरळ जुळेल, कळणारही नाही. नाहीतर त्या जागी काहीतरी भरू या.”

“भरायला ते आहेत की,” वहिनी म्हणाल्या. “खाली आणू त्यांना.”

दुसऱ्या संध्याकाळी इस्त्रीवाला आणि दातवाला यांनी दादांना खुर्चीसकट जिन्यावरून उतरवलं. मी पुढून पाय धरले होते. “बुवा,” धापा टाकत इस्त्रीवाला म्हणाला, “बोलणं गेलं तरी वजन तेवढंच! म्हणजे शब्दांना वजन नव्हतंच म्हणायचं.” दादांच्या तोंडाचा डावा कोपरा हलला. हसू होतं ते. मी शपथेवर सांगतो.

त्यांना कोटांच्या मध्ये बसवलं, आमच्या पुढे, पण आमच्याकडे तोंड करून. असं ते कधी बसले नव्हते. आम्ही जन्मभर त्यांची पाठ बघितली होती.

लाल दिवा लागला. ‘गोळी घ्या’ झालं. दुसऱ्या कडव्यानंतर ती जागा आली, आम्ही विरळ झालो, थांबलो. या खेपेला समजून उमजून. चार माणसं श्वास धरून. दादा एका तपकिरी कोटाच्या बटणाकडे बघत होते. वहिनींनी पद उचलावं तसं गाणं उचललं. ‘कवळी’ झालं. तेच. ‘सगळे विचारतात’ झालं. तेच. कपाळावर आठीसुद्धा नाही आता. सवय झाली होती त्यांना आमच्या गोंगाटाची. ते मला सगळ्यात लागलं. एवढा आटापिटा करून आम्ही शेवटी त्यांना आवडायला लागलो होतो की काय?

“आज बास करू या का?” काचेपलीकडून कानसेनने विचारलं.

“एक राहिलंय,” वहिनी म्हणाल्या.

आम्हाला ठाऊक असलेली सगळी संपली होती. त्या इस्त्रीवाल्याकडे वळल्या. “जोरात वाजवा. जितकं येईल तितकं जोरात. भाऊजी, एकच सूर धरून ठेवा.” त्यांचा घसा आधीच बसला होता. त्यांनी माइक दोन्ही हातांनी धरला, दादांकडे बघितलं, आणि त्यांच्या तोंडावर ओरडल्या:

“दार उघडंच आहे! दार उघडंच आहे! वाजवतोस कशाला?”

त्या दिवसानंतर ते वाक्य आमच्यापैकी कुणी उच्चारलं नव्हतं. इस्त्रीवाला ड्रमवर तुटून पडला. दातवाल्याचा गज केसकेस होऊन लोंबायला लागला, तरी तो ओढत होता. वहिनी तेच म्हणत होत्या. कडवं नाही, ध्रुवपद नाही, तेवढंच. दार उघडंच आहे. धूळ आली, मांजरं आली, सगळे येऊन गेले. दार उघडंच आहे, वाजवतोस कशाला, वाजवतोस कशाला, वाज—

दादांचा डावा हात वर गेला. दोन बोटं. खांद्याच्या वर.

चुकीचा हात. चुकीची जागा, ओळीच्या मध्यावर. आणि आम्ही थांबलो. विरळ व्हायलासुद्धा वेळ मिळाला नाही. इस्त्रीवाल्याच्या काठ्या हवेत राहिल्या, वहिनींचं तोंड अर्ध्या शब्दावर उघडं राहिलं. खोलीत आवाज म्हणून उरला नाही.

दादांनी नाकाने श्वास घेतला. लांब. छाती भरून.

टक्.

मी देवाला म्हटलं, एक. कुठलाही दे.

त्यांचे ओठ पुढे आले. गळ्याची घाटी वर गेली. कुणीही हललं नाही. मला वाटतं कोटांनीसुद्धा कान दिला होता. श्वास आत धरलेला होता, त्यांचा आणि आमचाही. किती वेळ, ते माझ्याने सांगवत नाही. मग त्यांनी वहिनींकडे बघितलं. तिथेच बघत राहिले. आणि ती वर गेलेली दोन बोटं सावकाश उलटली, आणि तळहात वहिनींच्या दिशेने उघडला.

घ्या.

“नको,” वहिनी म्हणाल्या. अगदी हळू. मान हलवत होत्या. “नको ना. तुम्ही सांगा.”

तळहात तसाच उघडा. थरथरत होता, त्या हाताला सवय नव्हती. पण खाली आला नाही. जन्मभर तो हात उघडला आणि वहिनींनी घेतलं नाही, असं एकदाही झालेलं नव्हतं.

वहिनींनी घेतलं. ओरडून नाही. ज्या आवाजात त्या सभागृहात पद उचलायच्या त्याच आवाजात, घसा गेलेला, सूर मात्र नेमका. दार उघडंच आहे. मग मी त्यांच्या मागून आलो, मग दातवाला, मग इस्त्रीवाला. कसं संपवलं, मला आठवत नाही. लाल दिवा विझला तेव्हा काचेपलीकडे कानसेन यंत्राकडे बघत नव्हता.

अल्बमचं नाव वहिनींनी ‘नको म्हणा’ असं ठेवलं. निघायच्या आधी कानसेन एकदा वर आला, दाराशी घुटमळला.

“शेवटच्या गाण्यात मधे तो श्वास आलाय. आणि तुमचं ते बोलणं. हवं तर काढून टाकतो, सहज निघेल.”

“माझं बोलणं काढा,” वहिनी म्हणाल्या. त्या दादांचा सदरा घडी करत होत्या. “श्वास राहू दे. बाकीचं सगळं काढलंत तरी चालेल.”

त्याने काहीच काढलं नाही.

तबकडी निघाली. काही लोकांनी ऐकली. हिरव्या-निळ्या केसांची पोरंपोरी लाँड्रीत येऊन इस्त्रीवाल्याशी हस्तांदोलन करून जातात, आणि तो त्यांना गुडघे दाखवतो. एका मुलीने परवा विचारलं की शेवटच्या गाण्यातली ती थांबायची कल्पना कुणाची. आमच्या दादांची, मी सांगितलं. दादा अजून बोललेले नाहीत. वाचा शिकवणाऱ्या बाई आता यायच्या थांबल्या आहेत.

दुपारी लाँड्री बंद झाली की मी वर जातो. दादा खिडकीशी असतात. वहिनी तबकडी लावतात, सगळी नाही, शेवटचंच गाणं, आणि हातातलं काम घेऊन खाली बसतात. सगळं त्यांचंच ओरडणं. मध्येच ते तुटतं. तेव्हा हातातलं काम थांबतं. त्या पुढे झुकतात, तोंड किंचित उघडं, जसं कधी ऐकलेलंच नाही. श्वास येतो. टक् होतं. दादा तबकडीकडे बघत नाहीत, वहिनींकडे बघतात.

मग गाणं पुढे जातं, आणि वहिनी मागे टेकतात.

“भाऊजी,” त्या मला म्हणतात, “या खेपेला अगदी ओठावर आलं होतं.”